मूळ गावाचा रकाना

बेलापूर, तिसरा मजला, खिडकीकडचं मशीन माझं.
आरोग्यपत्रिकांचे अर्ज, ओळीला सव्वा रुपया.
आडनावाच्या रकान्यात 'घ' दाबला की घरत,
'म्हा' म्हटलं की म्हात्रे,
उरलेली अक्षरं पुढे येऊन आपसूक उभी,
लग्नात आहेर पुकारणाऱ्या माणसासारखी
याला सगळ्यांची नावं तोंडपाठ.
मी फक्त एन्टर मारायचं.
दिवसाला सहाशे ओळी होत, चहासकट.

मग एका दुपारी काउंटर ओलांडून
भागीरथी गावंड आत आली,
एका हातात छापील पत्रिका, दुसऱ्यात पिशवी.
"पोरी, ह्या कोपरखैरणं कोनी लिवलं?
मी कोपरची. कोपर म्हंजी कोपर.
त्याचे फुडं काय नाय."

अर्ज काढून पाहिला.
निळ्या शाईत तीन अक्षरं आणि ठळक पूर्णविराम.
गावापुढे पूर्णविराम कोण देतं?
तिनं दिला होता.
तीन अक्षरं मीही टाइप केलेली.
'खैरणे' त्यानं जोडलं.
एन्टर माझं.

शोधलं तर कोपरखैरणे एकशे बारा वेळा.
त्यातले कितीतरी खरेच तिथले,
सेक्टरवाले, माथाड्यांच्या बैठ्या घरांतले,
त्यामुळे एका फटक्यात बदलता येईना.
गठ्ठे सोडले, एकेक कागद काढला.
सदतीस माणसं मी खाडीपलीकडे नेऊन ठेवली होती,
एकालाही न विचारता.

शेजारचा अवधूत म्हणाला, सेटिंगमध्ये जा,
ती खूण काढ, बंद होतं सगळं.
गेले. खूण दिसली.
सहाशेच्या साडेतीनशे ओळी होतील, गुणिले सव्वा,
हा हिशेब तिथेच झाला
आणि मी तशीच परत आले.

दुसरी युक्ती त्यानंच सांगितली:
मध्ये एक ओळ रिकामी सोड,
वरचं सगळं विसरतो तो.
करून पाहिलं. खरंच विसरला.
एका ओळीएवढी मोकळी जागा
आणि वरची हजार माणसं जणू आलीच नव्हती.
ती ओळ मी पुसून टाकली. का, ते विचारू नका.

शेवटी जमलं ते असं.
को, प, र. थांबायचं.
पुढे आलेलं खैरणे डिलीटनं उडवायचं, मग एन्टर.
हे एकदाच करावं लागलं.
कोपर रकान्यात नीट बसल्यावर
पुढच्या वेळी तो त्या तीन अक्षरांपाशी गप्प राहिला.
गावं दोन आहेत म्हटल्यावर
त्याला काही सुचेना.
मला तो तेव्हा पहिल्यांदा आवडला.

पण परवा एक अर्ज आला, जोमा कडू, वय एकोणऐंशी,
अंगठ्याशेजारी नातवाचं अक्षर.
मूळ गाव: धावपट्टीखाली.
साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले,
कागदावर आहे तेच लिही, आपलं काय जातं.
लिहिलं. ध पासून ली पर्यंत
एकेक अक्षर मीच,
त्याला त्यातलं काहीच येत नव्हतं.

आता येतं.
आज सकाळी पुढचा गठ्ठा सोडला,
पहिलाच अर्ज धुतूमचा.
मी 'ध' दाबला
आणि त्यानं लगेच, मदतीला धावल्यासारखं,
बाकीचं पुढे मांडलं.

बोट एन्टरवरच होतं, सवयीनं.
धुतूम आहे. जागच्या जागी आहे.
कालच तिथून मावशीनं वाल पाठवलेत,
पिशवी अजून टेबलाखाली.
मी घाईघाईनं उकार दिला.